एकवीस सेकंदांचा हिरवा दिवा

मी, रंगराव गेनबा काळभोर, वय ७९, राहणार नारायण पेठ, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहितो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. मुलाने आणून पाहिला, जमला नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव मुलगा अनंत याला, विनाअट. घरावरून सौदा करणाऱ्यांतला मी नाही.

२. अडतीस वर्षे या शहरात सिग्नल बसवले, त्यांतले काही माळ्यावर आहे. हाताने फिरवायची ‘थांबा’ची पाटी, तांबडी जाड काच, दातेरी चकत्यांचा टायमर, पहिल्या खेपेचा एलईडी दिवा. चकतीचे दात कानशीने घासून मी एकेका चौकाचे सेकंद ठरवत असे. हे सर्व नात संस्कृती हिला. तिने ते भंगारात घातले तर वाईट वाटेल.

३. समोरचे नाईक यांना माझी शिट्टी. अकरा वर्षे ते पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे स्कूटर उभी करतात. आता स्वतःच वाजवून घ्यावी.

४. घराजवळच्या चौकात पादचाऱ्यांचा दिवा मी १९९१ साली बसवला. साहेब म्हणाले, “पुस्तकात चौदा सेकंद दिलेत.” मी पत्नी कै. दुर्गाबाई हिच्या हातात भाजीच्या दोन पिशव्या दिल्या आणि तिला पलीकडे चालवले. “अहो, लोक बघतायत, पुरे आता,” असे ती म्हणत होती. पाच वेळा चालवले. एकवीस सेकंद लागले, एकवीसच ठेवले.

गेल्या वर्षी नवी यंत्रणा आली. आकडे उलटे मोजते, दिसायला देखणी. पादचाऱ्यांना बारा सेकंद. ते ठरवणाऱ्या कंपनीत आमचे चिरंजीव मोठ्या पदावर आहेत. मी रोज सकाळी दुभाजकापर्यंत पोचतो आणि दोन्हीकडच्या गाड्यांत अडकतो. भीती वाटते, हे लिहायला लाज कसली?

अनंतला सांगितले. तो म्हणाला, “बाबा, डेटा बघून सेट केलंय. ॲव्हरेज माणूस आरामात जातो.”

“तू गेलास का कधी?”

“मी कशाला चालत जाऊ?”

त्यानंतर तीन लेखी अर्ज दिले. उत्तर नाही.

५. म्हणून अंत्ययात्रेबाबत स्पष्ट लिहितो. शववाहिका बोलावू नये. मला खांद्यावरून वैकुंठ स्मशानभूमीत न्यावे, याच चौकातून, पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्यावर. पोलिसाला सांगून वाहतूक अडवू नये. रीतीप्रमाणे अनंतने मडके धरून पुढे चालावे. मडके हातात असताना पळता येत नाही, हे त्याला माहीत असेलच.

त्याने माझ्या हयातीत सेकंद वाढवले तर हे कलम रद्द समजावे. अंमलबजावणी संस्कृतीकडे, हट्टात ती माझ्यावर गेली आहे.

खांदेकऱ्यांनी जीव धोक्यात घालू नये. बारा सेकंदांत पलीकडे पोचणार नाही असे दिसताच मला अलीकडच्याच फुटपाथवर ठेवावे, विसावा तिथेच घ्यावा. मला घाई नसेल. अनंतने तिथूनच कंपनीत फोन लावून एकवीस सेकंद करून घ्यावेत. मगच मला उचलावे.

(सही) रंगराव गेनबा काळभोर
पुणे, ९ नोव्हेंबर २०२५

वरील सही आमच्या देखत झाली. आम्हीही त्यांच्या देखत सह्या केल्या.
१. नागोराव सोनवणे, निवृत्त वायरमन, कसबा पेठ
२. डॉ. श्रद्धा केतकर, नारायण पेठ