लिंबावर अडकलेली मोटार

हिंगोली (जि. परभणी)
शनिवार, २८ एप्रिल १९७९

तीर्थरूप हरिचंददादा यांच्या चरणी धाकटी बहीण मनकर्णा हिचा नमस्कार पोचावा. तुमचे गुडघे कसे आहेत? बहरीनला म्हणे घरात बर्फासारखा गार वारा सोडतात, तर पायावर काही पांघरून निजत जा. खोलीवरचा तो केरळी सोबती अजून खोबरेल तेलातच भाजी करतो का, की आता तुमच्या तोंडाला चव आली? वहिनींचं पत्र आलं होतं, त्या बऱ्या आहेत. इकडे आम्ही दोघं खुशाल. हे सोमवारी पहाटेच्या एसटीनं सिद्धेश्वरच्या धरणावर जातात आणि शनिवारी संध्याकाळी येतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सध्या धरणाच्या दारांना नवं रबर बसवायचं काम चाललं आहे (दाराच्या कडेनं पाणी झिरपू नये म्हणून जाड पट्टी लावतात), तेव्हा रविवारी जेवताना मी भाजीबद्दल विचारलं तरी उत्तर रबराबद्दलच येतं. माझा शिवणवर्ग बरा चालला आहे. मशिनी सहा, बायका अकरा.

आता मुख्य गोष्ट. दादा, मी मोटारीच्या शर्यतीत उतरले. घाबरू नका, मोटार वीतभराचीच आहे. दिवाळीला तुम्ही यांच्यासाठी आणली होती तीच, हातातल्या डबीवरची दांडी हलवली की लांबून, तारेशिवाय पळणारी. माझ्या कानात तुम्ही सांगितलं होतं की दुकानातली सगळ्यात स्वस्त हीच होती. यांनी ती खोक्यासकट काचेच्या कपाटात मांडली आणि आल्यागेल्याला लांबूनच दाखवली. ती त्या कपाटातून खाली कशी आली, ते पुढे सवडीनं सांगेन. आली एवढं खरं.

आमच्या गावात अशा मोटारींचं एक मंडळ निघालं आहे, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. आखातातून येणारे लोक एकेक खेळणं घेऊन येतात, ते बिघडतं आणि किशनरावांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडतं, त्यातून हे सुरू झालं. किशनराव चिटणीस. अध्यक्ष तातेराव, मोंढ्यातले हळदीचे आडते. त्यांच्या जावयानं त्यांना खरी जपानी मोटार आणून दिली आहे, तिला पुढच्या चाकांजवळ स्प्रिंगासुद्धा आहेत. दर अमावास्येला मोंढा बंद असतो, तेव्हा लिलावाच्या शेडमधल्या फरशीवर शर्यत होते. चुन्याच्या दोन रेषा मारून मधे रस्ता करतात आणि वळणांवर बारदान लावतात, म्हणजे आपटलेल्या गाडीला लागत नाही. मी किशनरावांकडे माझ्या रेडिओचं बटण बसवायला गेले असताना हे सगळं ऐकलं आणि (तुम्ही मला लहानपणापासून ओळखता) बटण तिथंच विसरून घरी आले.

आपली गाडी पहिल्यांदा अंगणात सोडली तेव्हा ती सरळ तुळशीच्या कुंडीवर जाऊन थडकली. चाकं गुळगुळीत कडक प्लास्टिकची, वळताना नुसती सरकायची. पण दादा, मशीन ते मशीनच. वीस वर्षं मी शिवणयंत्रं खोलते आहे. बॉबिन भरायच्या चाकाला जी रबराची रिंग असते ना, तसल्या आठ आणल्या आणि एकेका चाकावर दोन दोन ताणून बसवल्या. दातेरी चाकांतलं मळकट ग्रीस पुसून मशीनचं तेल दिलं. गाडी उलटते म्हणून सिद्धेश्वरच्या एका कोळणीकडून जाळ्याचे शिशाचे मणी आणून बुडाला शिवले (हो, शिवले, पातळ पट्टीत ओवून). वरचं वजन कमी करायला चकचकीत बंपर काढला, मागची सीट काढली, आणि शेवटी जड मनानं आतला तो टोपीवाला गोरा चालक काढला. तो बिचारा बसल्या जागी हसत होता. त्याला खोक्यात नीट निजवला. आता गाडी कुणीच चालवत नाही, म्हणजे मीच चालवते. सुरुवातीला गाडी माझ्याकडे तोंड करून आली की डावं उजवं उलटं व्हायचं. मग मी वर्गातल्या बायकांना पाठीचा भाग उलटा धरून कापायला शिकवते ते आठवलं आणि हात बसला. रिंगा मात्र टिकत नाहीत. वीस फेऱ्यांत तुटतात आणि एखादी उडून दुधाच्या पातेल्यात पडते.

शेजारचे रामसिंग एसटी डेपोत मेकॅनिक आहेत, त्यांनी एकदा भिंतीवरून हा प्रकार पाहिला. मला वाटलं हसतील. ते भिंत चढून आत आले, गाडी उताणी केली आणि म्हणाले, "बाई, अॅक्सल वाकडा हाय." त्या दिवसापासून ते आमच्या संघात आहेत. संघ दोघांचाच.

मंडळात नाव घालायला गेले तर तातेरावांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "गाडी पळवा की मनकर्णाबाई, आमी कुठं न्हाई म्हणतो? नाव मातर साहेबाचं लावू. मंडळाची नोटीस साहेबाच्याच पत्त्यावर येईल." मी म्हटलं, गाडी मी पळवणार तर नाव माझं. ते म्हणाले, आजवर बाईचं नाव लागलेलं नाही. मी म्हटलं, आजवर बाई आलेली नाही. शेवटी ठरलं की अमावास्येला पंधरा फेऱ्यांची शर्यत व्हायची, पहिली आले तर मंडळाच्या वहीत माझं नाव, नाहीतर साहेबांचं, म्हणजे यांचं.  आयुष्यात माझं नाव कुठंकुठं लागलं ते घरी येताना मी मोजत आले. रेशनकार्डावर यांच्या खाली, शाळेच्या दाखल्यावर बाबांच्या पुढे, आणि शिवणवर्गाच्या पाटीवर रंगारी चुकला म्हणून अर्धंच. हसण्यासारखंच आहे म्हणा, बेचाळिसाव्या वर्षी खेळण्याच्या वहीसाठी जीव टाकणं. पण मला ते हवं होतं.

परवा गुरुवारी अमावास्या होती. मोंढा बंद, पण बघायला निम्मे हमाल आलेले. सध्या हळदीचा मोसम, फरशी कितीही झाडली तरी पिवळी ती पिवळीच. गाड्या तीन, तातेरावांची जपानी, किशनरावांनी चार मोडक्या गाड्यांतून जोडलेली, आणि आपली. मी दांडीवर बोट ठेवून उभी, आणि तेवढ्यात रामसिंग खिशातून लिंबू काढून पुढे आले. मी हळूच म्हटलं की राहू द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ब्रेक काढून टाका म्हटलं. "नवी गाडी लिंबाबिगर डेपोतून निघत न्हाई बाई. तेवीस वर्सं झाली, एक न्हाई निघाली." आणि लिंबू कापून दोन्ही फोडी मागच्या चाकांपुढे ठेवल्या. एसटीच्या चाकाखाली लिंबाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या गाडीचं चाक लिंबाएवढंच. किशनरावांनी शिट्टी फुंकली, दोन गाड्या सुसाट गेल्या, आणि आपली फोडींवर चढून तिथंच बसली. चाकं गरगर फिरतात, रस उडतो, गाडी जागची हलत नाही. हमाल हसून हसून पोत्यांवर पडले. एक म्हणाला, "बाई, मीठ आणू का, सरबत हून राहिलं." रामसिंग हात जोडून उभे. मी मागे घेतली, पुढे घेतली, असं सात-आठ वेळा केलं तेव्हा फोडी चिरडल्या आणि गाडी सुटली. तोवर तातेरावांच्या दोन फेऱ्या झालेल्या.

आणि मग दादा, काय सांगू. बाकीच्या गाड्यांची कोरडी चाकं हळदीच्या भुकटीवर घसरायला लागली. जपानी गाडी प्रत्येक वळणावर बारदानात तोंड खुपसून उभी राहायची आणि तातेराव तिला उचलायला धोतर सावरत धावायचे. आपली मात्र रसानं चिकट झालेली, फरशी धरून पळत होती. किशनरावांचे सेल आठव्या फेरीला संपले. अकराव्या फेरीत मी तातेरावांच्या बरोबरीला आले, तेराव्यात पुढे. मला कुणी दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं, नुसती ती वीतभर गाडी आणि माझं बोट. इतकं मोकळं मला कधी वाटलं होतं ते आठवत नाही. पंधरावी फेरी झाली आणि हमालांनी आरोळी ठोकली. किशनरावांनी वही उघडलीसुद्धा.

तेवढ्यात माझं लक्ष फरशीवर गेलं. वजनकाट्याजवळच्या वळणापासून पुढे एकमेकींना लागून बारीक लाल रेघांच्या तीन जोड्या उमटल्या होत्या, सुईनं धावदोरा घालावा तशा. ओली हळद चुन्याला लागली की लाल होते, हे कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही. तिथं इतक्या पुरुषांत ते एकालाही कळलं नव्हतं. माझी गाडी चुन्याची रेषा ओलांडून आतून गेली होती, एकदा नव्हे, तीन फेऱ्या. रामसिंगांना मात्र माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण ते सहज चालत गेले आणि आपल्या डेपोच्या चपला बरोबर त्या रेघांवर ठेवून उभे राहिले.

मी गप्प राहिले असते तर नाव लागलं होतं. किती वेळ गप्प राहिले ते सांगणार नाही, पण राहिले. मग म्हटलं, "रामसिंग, पाय उचला."

तातेराव वाकले, बोट लावून पाहिलं. "ह्ये तर कुकू हाय," म्हणाले. मी सांगितलं कसं झालं ते. नियमानं तीन फेऱ्या वजा झाल्या आणि मी दुसरी आले. तातेराव पहिले, त्यांना हार घातला. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "तातेराव, तुमची गाडी रेषेच्या आतून गेली नाही कशावरून? तिची चाकं तर कोरडी होती."  मोंढ्यातल्या माणसाला वजनकाट्याजवळ उभं राहून असं विचारणं म्हणजे काय, ते मला बोलल्यावर कळलं. तातेरावांनी गळ्यातला हार काढून हमालाच्या हातात दिला.  मग म्हणाले, "बराबर हाय. लिहा किशनराव, ठराव. फुडल्या अमावास्येपासून समद्या गाड्यांच्या चाकाला लिंबू. माप समद्याला एकच पायजे." किशनरावांनी लिहून घेतलं आणि सवयीनं विचारलं, सूचक कोण? तातेराव म्हणाले, ह्या बाईच की. किशनराव म्हणाले, सूचक सभासद लागतो, नाहीतर ठराव बाद. तातेराव तीस वर्षं बाजार समितीच्या बैठकीत बसलेले. ठराव बाद होणं त्यांना बाईचं नाव लागण्यापेक्षा वाईट वाटलं. "मग आधी सभासद करा अन् मग लिवा," म्हणाले. अनुमोदक म्हणून रामसिंगांनी हात वर केला, तेव्हा त्यांनाही करून घ्यावं लागलं. यांचं नाव मधे घालू का असं किशनरावांनी विचारलं, तर मी म्हटलं नको, जागा पुरणार नाही. वहीत आता असं आहे: मनकर्णाबाई, शिवणवर्ग, हिंगोली. मी तीनदा वाचलं. शाईवर हळदीचं बोट लागलं आहे, तेही छान दिसतं.

वहिनींना आणि लेकरांना वेगळं पत्र लिहितेच. उन्हात डोक्याला काही बांधल्याशिवाय फिरू नका.

तुमची बहीण,
मनकर्णा

ता. क. दादा, नावाचं मी वर लिहिलं ते खरं आहे, पण अर्धं. यांचं नाव लागलं असतं तर मंडळाची नोटीस यांना आली असती, आणि यांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांच्या मते गाडी कपाटात खोक्यातच आहे. दर रविवारी ते खोकं उचलून पुसतात, म्हणून मी आत अर्धी साबणाची वडी ठेवली आहे, वजन बरोबर जुळतं. सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. त्यांनी ती इतक्या मायेनं ठेवली होती आणि मी तिच्या बुडाला शिसं शिवलं. तरी तुम्ही जूनमध्ये याल तेव्हा तशीच दुसरी, सगळ्यात स्वस्त गाडी गुपचूप घेऊन या. हे तुमच्यासमोर खोकं उघडायला बसतील त्याच्या आधी मला बदलायची आहे. पत्र लिहिण्याचं कारण मुख्यतः हेच.

दुसरी ता. क. (सोमवार, ३० एप्रिल) पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. काल यांनी नेहमीसारखं खोकं पुसलं, जेवताना रबराबद्दल बोलले आणि आज पहाटे गेले. बंपर परत ठेवावा म्हणून मी आत्ता खोकं उघडलं. साबण नाही. त्या जागी धरणाच्या दाराच्या जाड काळ्या रबरातून कापलेली चार चाकं, कानसेनं गोल घासलेली, वर बारीक खाचासुद्धा पाडलेल्या. आणि तो टोपीवाला चालक. त्याची टोपी काढून डोक्यावरून हिरव्या चिंधीचा पदर घेतला आहे, माझ्याच कातरणातला, आणि पदर सुटू नये म्हणून मानेशी तीन टाके घातले आहेत. दादा, इतके वाईट टाके माझ्या वर्गात एकीनंही कधी घातलेले नाहीत. मी ते उसवणार नाही.

तिसरी ता. क. दुसरी गाडी मात्र नक्की आणा. खोक्यात ठेवायला नको आता. जूनमधली अमावास्या रविवारी आहे, हे घरी असतील.