दोनशे चाळीस कवळ्यांचा अंदाज

१४ जून
उद्या कराचा पहिला हप्ता भरायची शेवटची तारीख, म्हणून सासूबाईंनी आज सकाळीच कामाच्या खोलीत बोलावलं. खोली कसली, बारा महिने प्लास्टरची पांढरी धूळ! त्या कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, या साच्यावर मेण चढवून त्यात एकेक दात रचतात. एकतीस वर्षं झाली. पगार नाही, साहेब नाही, म्हणून कर कापून घेणाराही कुणी नाही. आपला आपणच भरायचा — तोही आगाऊ, वर्षातून चार हप्त्यांत.

मी दहा वर्षं पगारदार. माझा कर परस्पर कापला जायचा, कधी त्याचं तोंडही पाहिलं नाही. फेब्रुवारीत ऑफिसच बंद पडलं. तेव्हापासून नोकरीसाठी अर्ज टाकते आहे, आणि रिकामी बसायला नको म्हणून सासूबाईंकडे कवळ्या घासते आहे.

"वर्षभरात किती मिळणार, हे आजच कसं कळणार?" मी विचारलं. त्यांनी कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं — २४०. यंदा एवढ्या कवळ्या होणार. त्यावरून मिळकत, त्यावरून कर. झालं!

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! हे मी चक्क मोठ्यानं म्हणाले. जीभ चावली. पण त्या हसल्या. "तुरी येतात गं. आपण आणायच्या असतात."

१५ जून
हप्ता भरला. चष्मा नाकावर ओढून, मोबाइलवर एका बोटानं, स्वतः. मला वाटलं कुरकुरतील. दिवसभर गुणगुणत होत्या!

२ सप्टेंबर
घात झाला. मोठा डॉक्टर, ज्याच्याकडून महिन्याला सहा-सात कामं यायची, तो आम्हाला सोडून गेला. मशीनवाल्या कारखान्यात स्वस्त पडतं म्हणे. एकतीस वर्षांचा संबंध, आणि निरोप कुणाकडून, तर कंपाउंडरकडून!

मी म्हटलं, "आई, अंदाज कमी करा. तसं चालतं, हप्ताही कमी बसेल."

"आकडा खाली आणला की हातही खाली येतो." एवढंच बोलल्या आणि कपाटाचं दार लावून मेण तापवायला बसल्या.

९ सप्टेंबर
पाय मोडले माझे! आठवडाभर सासूबाईंबरोबर दवाखान्यांचे जिने चढते आहे. वय सहासष्ट, पिशवीत तीन नमुने, आणि मी मागून धापा टाकत. सहा दवाखाने झाले. चार ठिकाणी "कळवतो". पाचवा म्हणाला, "काम देतो, पण रोखीत. कागदावर कशाला? कर वाचेल तुमचाच." सासूबाईंनी नमुना शांतपणे पिशवीत घातला. "मी केलेली कवळी लोक चारचौघांत हसून दाखवतात. मग मी का लपवू?" मी तर जिन्यात टाळ्या वाजवायचीच बाकी होते.

सहावी डॉक्टरीण नवी, तरुण. तिनं नमुना उजेडात धरला. विचारलं, "हिरडीवर ही बारीक शीर कशाला काढलीत?" "माणूस आरशात बघतो ना," या म्हणाल्या. काम मिळालं! मला रडूच आलं, का कोण जाणे.

१५ सप्टेंबर
दुसरा हप्ता, पैही कमी नाही. आमचे हे म्हणाले, "आईशी वाद घालून माझे दात पडले, आता तुझी पाळी." मी वाद घालणारच नाही. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि दहा वर्षं एका घरात राहून ते आत्ता कळतंय, याची लाज वाटते.

१५ डिसेंबर
या वेळी म्हणाल्या, "तू भर. मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत." मी ऐटीत भरला. आणि पावती पाहिली — करदात्याचा नंबर माझा! पगाराच्या दिवसांपासून माझ्या कॉम्प्युटरमध्ये माझाच नंबर बसलेला, मी नुसतं पुढे पुढे दाबत गेले. त्यांचा सगळा हप्ता माझ्या नावावर. पंधरा दिवसांची कमाई! अजून सांगितलेलं नाही. जेवण गेलं नाही.

१६ डिसेंबर
सांगितलं. पोट धरून हसल्या! "दात माझे, बसवले तुझ्या तोंडात!" मग साठवणीतून काढून स्वतःचा हप्ता पुन्हा भरला, एक दिवस उशिराच्या व्याजासकट. मी म्हटलं, अर्ज करू, दुरुस्त करून घेऊ. "राहू दे. वर्ष संपलं की ते पैसे तुला परत मिळतील, तेव्हा दे. तुझ्या नावावरही काही असू दे की." माझ्या ऑफिसात एवढ्या चुकीला मेमो मिळाला असता.

११ जानेवारी
आजपासून पुढचे दात मीच लावायचे. "माझा चष्मा जुना झालाय," म्हणाल्या. पुढचे सहा दात म्हणजे माणसाचा चेहरा! तीनदा चुकले. तीनदा मेण तापवून दिलं, चेहऱ्यावर आठी नाही.

२० फेब्रुवारी
नोकरीचं पत्र आलं! पगार आधीपेक्षा बरा. ३ एप्रिलपर्यंत होकार कळवायचा.

सांगायला धावत गेले. त्या खिडकीशी चहा पीत होत्या. कप दोन्ही हातांनी धरलेला, तरी चहा बशीत सांडत होता. म्हणजे दोष चष्म्याचा नव्हताच, तो तर गेल्याच महिन्यात नवा केलाय. मी पत्र पदराआड केलं. त्यांनी हात टेबलाखाली घेतले. दोघीही हवापाण्याबद्दल बोललो.

१५ मार्च
शेवटचा हप्ता. आज नंबर चार वेळा तपासला. मोजल्या — दोनशे त्रेचाळीस कवळ्या! अंदाजापेक्षा तीन वर. जानेवारीपासूनच्या साऱ्यांचे पुढचे दात माझे. त्यांनी पाठ थोपटली, तेव्हा हाताची थरथर पाठीला कळली. मी गेले तर ही खोली बंद पडणार. आणि मी राहिले तर महिन्याला ठरलेला पैसा नाही. त्यांनी एकदाही "राहा" म्हटलेलं नाही. पत्राचं त्यांना माहीतही नाही, असं मला वाटतं.

२ एप्रिल
पत्र हातात घेऊन कामाच्या खोलीत गेले. कपाटाचं दार उघडंच होतं. २४० पुसलेलं. खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत —

मी : ०
सूनबाई : २५०

ज्या बाईनं कधी आकडा खाली आणला नाही, तिनं स्वतःपुढे शून्य लिहिलं! डिसेंबरात मी चुकून त्यांचं माझ्या नावावर केलं, ते त्यांनी ठरवून केलं. तिथेच धुळीत बसून रडले.

दारातून आवाज आला, "जास्त झालं का गं? तुझं पत्र आलंय, ठाऊक आहे मला. पुसू का?"

"आकडा खाली आणला की हातही खाली येतो," मी म्हटलं.

नोकरीला नकार कळवला. संध्याकाळपर्यंत एक कवळी झाली. राहिल्या दोनशे एकोणपन्नास.