वरून दिसणारे शेंडे

बाबा, परवा मी एका बाईला सांगितलं की तिची पाइनची झाडं वाचणार नाहीत. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं आहे. हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सरळ लिहिते. माझी ही नोकरी तुम्ही गेल्यानंतरची. लहान विमानातून जंगलांचे फोटो काढतात आणि मी कॅनबेरात स्क्रीनवर ते बघून आजारी झाडं शोधते. दुष्काळानंतर पाइनला एक बुरशी धरते, झाड शेंड्याकडून वाळत येतं. खाली उभं राहिलं तर सगळं हिरवंगार. या बाईची टेकडी तशीच. लागवड नवऱ्याने केलेली, तो आता नाही. फोटोत बहुतेक शेंडे तपकिरी दिसत होते. "ईमेल कर आणि मोकळी हो," ऑफिसात म्हणाले. मी गाडी काढून गेले.

ती पुढे चालत होती, खोडांवर थाप मारत. "बघ ना, हिरवी आहेत! तुमच्या विमानाला काय कळतंय?" माझ्या ओठांवर आलंच होतं, 'वाटतं तितकं वाईट नाहीये.'

आणि मला तुमचं गॅरेज दिसतं. मी बारावीत, गल्ल्यावर बसलेय. एका जीपवाल्याला म्हणते, "किरकोळ असेल काका." तो गेल्यावर तुम्ही हात पुसत येता. "गिऱ्हाइकाला गोड बोलून पाठवू नकोस. घाटात बंद पडली तर काय करेल तो?" आणि हेच तुम्ही, मी इकडे टूवूंबाला युनिव्हर्सिटीत असताना, आपल्या स्वयंपाकघरातून व्हिडिओ कॉलवर म्हणालात, "जरा ॲसिडिटी आहे. तू परीक्षा नीट दे." पुढ्यातल्या बशीतले पोहे तसेच होते. आईलाही गप्प बसवलंत. मी पोचले तेव्हा तुम्ही डोळे उघडत नव्हतात.

म्हणून तिला फोटो दाखवला. म्हटलं, "टेकडीवरची सगळी झाडं तोडावी लागतील." तिने बोटांनी फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाली, "त्याला मी काय सांगू?" आणि आपल्या गाडीत बसून दार लावून घेतलं. मी बाहेर उभी. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात, मला नाही वाटलं. पुढच्या महिन्यात तोड सुरू होईल. तिने नंतर फोन उचललेला नाही.

त्या संध्याकाळी घरी आले तर लेक सोफ्यावर. "हाउ वॉज वर्क, मम?"

"ऑल गुड," मी म्हणाले.

तिला ते खरं वाटलं, बाबा. आणि दिवसभरात पहिल्यांदाच मला बरं वाटलं.