अंबाडी, चारशे ग्रॅम

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.४०
रोजनिशी सुरू. कारण भावनिक नाही. मी लवकरच रेग्युलेटरी विभागाची प्रमुख होणार आहे, तेव्हा नोंदी ठेवायची सवय हवी. विभागात सध्या मी एकटीच आहे. निवड अवघड जाऊ नये.

वस्तुस्थिती: चंद्रशेखर सरांची कंपनी औषधं आयात करते. गोदाम आणि ऑफिस यूएईतल्या उम्म अल कुवैनला, मी राहते अजमानला. हेंपपासून बनवलेली वैद्यकीय तेलं ठेवायची तर आता स्थानिक खात्याचा वेगळा परवाना लागणार. नियमावलीचा मसुदा आला आहे. परवान्यावर एका जबाबदार तंत्रज्ञाचं नाव छापतात. ते माझं असेल. सरांना विचारलं. सर म्हणाले, इन्शाल्ला. सर मूळचे साताऱ्याचे, पण हल्ली 'बघू'च्या जागी हाच शब्द वापरतात. मी तो होकार धरला आहे. आईलाही तसं कळवलं.

संकल्प: सहकाऱ्यांशी कामापुरतंच बोलायचं. जेवण डेस्कवर, एकटीने, पंधरा मिनिटांत.

८ जानेवारी, गुरुवार
मसुदा तीनदा वाचला. प्रश्न क्रमांक १४: 'परिसरात हेंप आहे का?' अत्यंत ढिसाळ. हेंप म्हणजे पान, तेल की दोरी? खात्याने सूचना मागवल्या आहेत, म्हणून दीड पानी ईमेल केला. सुचवलेला मजकूर: 'हेंप, किंवा नावात हेंप असलेला कोणताही पदार्थ.' आता कुणालाही पळवाट नाही.

रिझवानभाईंनी स्क्रीनवर वाचलं. हे गोदामाचे इनचार्ज, रत्नागिरीचे, इथे वीस वर्षं. फार्मसीचा डिप्लोमा आहे, पण वापरात नाही. म्हणाले, मॅडम, एखादी फट राहू द्या की, वारा येतो. उत्तर दिलं नाही. (संकल्प पाहावा.)

आईचा फोन, नांदेडहून. कोणत्या औषधाचा परवाना, ते नीट समजावलं. ती म्हणाली, म्हणजे भांग? मी म्हटलं, वैद्यकीय. ती म्हणाली, मी आपली शेजारी खोकल्याचं औषध सांगते.

१३ जानेवारी, मंगळवार
खात्याचं उत्तर आलं. सूचना जशीच्या तशी स्वीकारली. आभारही मानलेत. ईमेल लॅमिनेट करून डेस्कसमोर लावला. टेबलावरची पाटी ऑर्डर केली: 'जबाबदार तंत्रज्ञ'. नाव घातलं नाही. पद मोठं, व्यक्ती नाही.

१५ जानेवारी, गुरुवार
इन्स्पेक्शन २९ तारखेला. निरीक्षक अख्खा परिसर बघतात, पँट्रीसुद्धा. नियम काढला: पँट्रीतल्या प्रत्येक वस्तूवर नाव, स्वरूप, वजन, तारीख, मालक. लेबल न लावलेली वस्तू टाकून देण्यात येईल.

रिझवानभाईंचं लेबल: 'मासा. मेलेला. माझा.' अपूर्ण म्हणून परत केलं. दुसरं आलं: 'बांगडा. मॅडमच्या नियमाने पुन्हा मेला.' वजन तरीही नाही.

दर गुरुवारी रिझवानभाई पँट्रीतल्या शेगडीवर सगळ्यांसाठी जेवण करतात. सात माणसं एका टेबलाला बसतात, गोंगाट करतात. मी डेस्कवर सँडविच. फोडणीचा वास डेस्कपर्यंत येतो. त्यावर अजून नियम नाही.

२० जानेवारी, मंगळवार
आईच्या मैत्रीण उर्मिला काकू शारजाला लेकीकडे आल्या आहेत. ऑफिसात एक पाकीट देऊन गेल्या. वाळवलेली अंबाडी. मी मागवली नव्हती. इथे घरच्यासारखी अंबाडी मिळत नाही, एवढंच आईला बोलता बोलता सांगितलं होतं. चार वेळा.

ऑफिसात ठेवली, कारण फ्लॅटचा एक्झॉस्ट फॅन बंद आहे. मला ती करता येत नाही, हे खरं असलं तरी ते कारण नाही. रिझवानभाईंनी हुंगून बघितली. म्हणाले, आमच्या कोकणात असला पाला आम्ही बकरीला विचारून मग खातो. पण सांगा कशी करतात, गुरुवारी करून टाकू. मी म्हटलं, इन्शाल्ला. नंतर लक्षात आलं, मीच म्हटलं.

लेबल लावलं: 'हिबिस्कस कॅनाबिनस (डेक्कन हेंप). वाळलेली पानं. ४०० ग्रॅम. २० जानेवारी. मालक: शर्वाणी.' आदर्श नमुना म्हणून फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. एकच अंगठा आला, सरांचा. ते सगळ्यालाच देतात.

२२ जानेवारी, गुरुवार
अर्ज भरला. एकेचाळीस प्रश्न. प्रश्न १४: नाही. तेलं परवाना मिळाल्यावरच येणार, तेव्हा विचार करण्यासारखं काही नव्हतं. सही केली. दिलेल्या मुदतीच्या आठ दिवस आधी.

अंबाडी आज नको म्हटलं. २९ला, इन्स्पेक्शन झाल्यावर. यशाचं निमित्त असेल तर मी टेबलावर बसू शकते. अपवाद म्हणून.

२९ जानेवारी, गुरुवार. दुपारी १.१०
निरीक्षक एक बाई. अंगात काळा अबाया, हातात टॅबलेट, आवाज कमी, प्रश्न नेमके. पाहताक्षणी आवडल्या. इतक्या वर्षांत प्रथमच माझ्यासारखं कुणी भेटलं. गोदाम बघितलं, तापमानाच्या नोंदी बघितल्या, मान डोलावली. मग पँट्री. कपाट उघडलं. लेबल वाचलं. पुन्हा वाचलं.

मी ताबडतोब खुलासा केला, की डेक्कन हेंप हा हेंप नव्हे, आणि कॅनाबिनस म्हणजे फक्त हेंपसारखा दिसणारा. त्या टाइप करत होत्या. मी कूळ सांगितलं, जास्वंदीचं. पानांच्या आकाराचं साम्य सांगितलं. माझ्या प्रत्येक वाक्यागणिक त्यांचा परिच्छेद वाढत होता.

रिझवानभाई मधे पडले. म्हणाले, मॅडम, व्हेजिटेबल! हर मदर सेंड. व्हेजिटेबल! बाईंनी मला शांतपणे विचारलं, मग लेबलवर व्हेजिटेबल का नाही लिहिलं? मी म्हटलं, तो शब्द नेमका नाही.

पाकीट सील करून नेलं.

तेच, दुपारी ४.००
परिस्थिती नियंत्रणात आहे. सरांनी दोन तास दार बंद केलं आहे, बहुधा दुसऱ्या कामासाठी. माझं जेवण झालं नाही. टेबलावर कुणी ओरडलं नाही, हसलंही नाही. पाणी प्यायला गेले तर रिझवानभाईंनी बांगड्याची प्लेट सरकवली. लेबल नव्हतं. कामापुरती खाल्ली.

३ फेब्रुवारी, मंगळवार
खात्याला वनस्पतीशास्त्रीय निवेदन पाठवलं. चार पानं, दोन आकृत्या. ऑटो-रिप्लाय आला. सुरुवात चांगली आहे.

आईने विचारलं, अंबाडी कशी झाली? मी म्हटलं, तपासणीत आहे. ती म्हणाली, अगं, भाजी आहे ती, तिची कसली तपासणी? हेच मी चार पानांत लिहिलं होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार
निकाल. लॅबमधल्या अॅनालिस्टने आधी फोन केला. तो आंध्रचा, तिकडे अंबाडीला गोंगुरा म्हणतात. म्हणाला, मॅडमजी, ये तो गोंगुरा है, सील तोड़ते ही अम्मा याद आ गई. अहवाल: खाद्य पालेभाजी, कोणताही नियंत्रित घटक नाही. मी निर्दोष.

पुढचं पान: तरीही प्रश्न १४चं उत्तर चुकीचं, कारण नावात हेंप असलेला पदार्थ परिसरात होता. 'सदर मजकूर अर्जदाराच्याच सूचनेवरून घेतला आहे.' कंपनीने नवा अर्ज करावा. चुकीच्या अर्जावर सही करणारी व्यक्ती वर्षभर जबाबदार तंत्रज्ञ होऊ शकत नाही. तर्क बिनचूक आहे. मीही हेच लिहिलं असतं.

सर म्हणाले, खलास. त्यांच्या तोंडचा हा शब्द मात्र नेमका असतो. नवं नाव: रिझवानभाई. डिप्लोमा वापरात आला. पाटीही आजच आली. नाव नसल्यामुळे त्यांनाही चालते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ३.२०
पाकीट परत मिळालं. ३५० ग्रॅम, बाकीची तपासणीत गेली. रिझवानभाई नवा अर्ज घेऊन आले. मी म्हटलं, प्रश्न १४ भरण्याआधी पँट्री रिकामी करा. ते म्हणाले, पोट परिसरात धरतात का? नियमावली बघितली. धरत नाहीत.

कृती कुणालाच माहीत नव्हती, म्हणून आईला स्पीकरवर लावलं. पानं भिजवणं, उकळणं, डाळ, कण्या, सगळं तिने सांगितलं. लसूण किती, विचारलं तर म्हणाली, मूठभर. तिला जास्त लागतो, पण ती सांगायची नाही. सात माणसांनी माझ्याकडे बघितलं. मग तिने विचारलं, भाऊ, तुम्ही तिथे कोण? रिझवानभाई कढईत बघत म्हणाले, मी मॅडमच्या हाताखाली.

चुकीचं डिक्लेरेशन. मी दुरुस्त केलं नाही.

टेबलावर जेवले. पन्नास मिनिटं. एक वाटी उरली, ती झाकून फ्रीजमध्ये ठेवली आणि लेबल लिहिलं: 'भाजी'. रिझवानभाईंनी ते वाचलं, खिशातून पेन काढलं आणि खाली सही केली. जबाबदार तंत्रज्ञ.