गोळी आधी अण्णांनी खाल्ली

अण्णा, तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली आणि आज रविवारच्या दुपारी मी ताट बाजूला सारून तुम्हालाच लिहायला बसलोय. समोर गोळ्यांचं पाकीट पडलंय आणि ते फोडायची हिंमत होत नाही. हसू नका. मी सध्या गुजरातेत आहे, वेरावळला, समुद्राच्या काठाला. माशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. वाळूजची कंपनी सोडल्यापासून ही पाचवी नोकरी. ह्याच्या बुडाला चाकं हायत, असं तुम्ही म्हणायचात. आता खरंच चाकांवर बसून पगार घेतोय. पण दोन महिने झाले, पहाटे तीनला डोळे उघडतात ते पुन्हा मिटत नाहीत, आणि भाकरी तोंडात फिरत राहते. परवा एकटाच इथल्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं विचारलं, घरात कुणाला असा त्रास होता का? मी म्हणालो, वडलांना. आणि मला एकदम हसू फुटलं. डॉक्टरनं मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं, बहुतेक हसण्याचंच. त्याला कसं सांगू, तुमचा त्रास कसा सापडला ते?

मी तेव्हा वीस वर्षांचा. नववीला शाळा सुटलेली, वाळूजला कंपनीत पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये हेल्पर. तुम्ही त्याच कंपनीची पाळीची बस चालवायचात, हर्सूलपासून माणसं गोळा करत. गोलवाडीच्या पुलावर बस गर्दीत अडकली, की माझं सुरू व्हायचं. छातीत धडधड, हात गार, बोटांना मुंग्या, आणि आता संपलं अशी पक्की खात्री. पहिल्यांदा मी ओरडलो, "अण्णा, मी मरतोय!" आणि तुम्ही बस वळवून थेट दवाखान्यात नेली, आत बसलेल्या चाळीस माणसांसकट. ईसीजी निघाला, चांगला आला. चाळीस माणसांची पाळी बुडाली आणि माझ्या हृदयाला काहीच झालेलं नव्हतं, ही गोष्ट लोकांना पचायला जड गेली. एकजण तोंडावर म्हणाला, "निदान बारीकसं तरी काही निघायला पायजे होतं." पुढच्या महिन्यात आणखी दोनदा तेच. तिसऱ्या खेपेला ईसीजी काढणारा मला बघून म्हणाला, "शर्ट काढा, बाकी तुम्हाला माहितीय." मग सुपरवायझरनं तुम्हाला बोलावून सांगितलं, आता ह्याच्यापायी एकदा जरी बस अडली तरी पोराचं काम गेलं आणि तुमचं स्टिअरिंगही गेलं.

म्हणून आपण त्या मानसोपचाराच्या दवाखान्यात गेलो. आपण म्हणजे तुम्ही, आई, मामा, शेजारचे काका आणि सगळ्यात शेवटी मी. डॉक्टरीणबाई होत्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी मला विचारलं, "झोप कशी लागते?" घरातल्या मोठ्या माणसानं बोलायचं, ही आपल्याकडची रीत. तुम्ही बोललात. "कुठली झोप बाई? तीनला टक्क जाग येती. मग आढ्याकडं बघत पडायचं." भूक? "अर्धी भाकर. तीबी ढकलायची म्हणून." कशात मन लागतं का? "काहून लागंल? समद्याचा वीट आलाय. उगंच चिडचिड होती." मी आईकडं बघितलं. रात्रपाळी नसली, की मी दगडासारखा झोपायचो आणि चार भाकरी खायचो. बाईंनी सगळं लिहून घेतलं, मग म्हणाल्या, "आता सगळे बाहेर बसा. पेशंट एकटा बोलेल." तुम्ही उठलातच नाहीत. "त्याला काय कळतंय बाई? नववी नापास हाय." शेवटी मामांनी तुम्हाला दंडाला धरून नेलं.

आत बाईंनी खूप बारकाईनं विचारलं. किती मिनिटं टिकतं, त्या वेळी नेमकं काय वाटतं, पूल टाळतोस का, चहा किती, तंबाखू किती, जीव द्यावासा वाटतो का. हे शेवटचं त्यांनी चहाइतक्याच साध्या आवाजात विचारलं, म्हणून मलाही खरं सांगता आलं. मी म्हणालो, "नाही बाई, मरायचीच तर भीती वाटते." आधी काढलेल्या रक्ताच्या तपासण्या बघून त्या म्हणाल्या, "तुमच्या कंपनीत आगीचा भोंगा आहे ना? तुझा तो भोंगा आग नसताना वाजतो. भोंगा खरा, आग खोटी. ह्यानं मरत नाही कुणी." रोज एक गोळी, गुण यायला दोन-तीन आठवडे, सुरुवातीला थोडं मळमळेल, मनानं बंद करायची नाही. आणि दुसरं औषध म्हणजे बसमध्येच बसायचं. भीती दहापैकी किती आहे ते मोजायचं आणि ती उतरेपर्यंत उठायचं नाही.

बाहेर आल्यावर तुम्ही पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. तुमची जुनी खोड. खुलताबादकडच्या आपल्या गावात नवी बोअर पाडली, तर पहिला पेला तुमचा. आईनं दुसऱ्या दुकानातून तेल आणलं, तर पहिली पुरी तुमची. "डोक्याची गोळी हाय. आधी मी खाऊन बघतो. मला काय झालं नाय, तर तू खा." आई म्हणाली, "अवो, तुम्ही गाडी चालवता!" तुम्ही म्हणालात, "म्हणून तर कळंल. गाडी वाकडी गेली की गोळी वाईट."

पहिल्या आठवड्यात तुम्हाला मळमळलं. तुम्ही जाहीर केलं, "इख हाय," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक खाल्ली, खात्री करायला. मग आणखी एक दिवस बघू, आणखी एक दिवस बघू, असं करत पाकीट संपत आलं. मी तसाच. पुलाआधी उतरून चालत कंपनीत जायचो आणि उशिराचा दंड भरायचो. पण घरात काहीतरी बदललं होतं. तुम्ही दुसरी भाकरी मागितली. शेजारच्या काकांना त्यांच्या नव्या मिशीवरून छळलं. आणि एका दुपारी पाळीची माणसं सोडून परत जाताना गल्लीच्या तोंडाशी तुमच्या बसचा हॉर्न वाजला, दोन लांब आणि एक आखूड. आईसाठीचा तुमचा तो हॉर्न आम्ही कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आई पीठ मळत होती. ती तशीच पिठाच्या हातानं दारात गेली, बस वळून जाईपर्यंत उभी राहिली आणि आत येऊन मला म्हणाली, "चहा घेतो का?" मी चहा मागितला नव्हता.

तीन आठवड्यांनी पुन्हा दवाखाना. बाईंनी विचारलं, "काय, कसं आहे?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही सुरू, "लई फरक हाय बाई! पाचपर्यंत झोप लागती. भूक लागती. चिडचिड तर नायच." बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी घामानं भिजलेलो, कारण येताना रिक्षा सिग्नलला अडकली होती. मग त्यांनी तुमच्याकडं बघितलं. "गोळ्या कोण खातंय?" आईच बोलली, "हे खातेत. तपासायलेत अजून."

बाईंनी चष्मा काढला. तुम्हाला इतकं कुणी कधी बोललं नसेल. चाळीस माणसं घेऊन गाडी चालवता, आणि न विचारता दुसऱ्याच्या गोळ्या खाता? झोप आली असती म्हणजे? तुम्ही बसचा आरसा पुसावा तसं रुमालानं तोंड पुसत राहिलात. मग बाईंनी बाहेर आवाज दिला, "ह्यांच्या नावाचा वेगळा केसपेपर काढा." तुम्ही दचकून उठलात. "माझा कामून? मी तर सोबत आलोय!" बाई म्हणाल्या, "गेल्या वेळी मी तुमच्या मुलाची झोप विचारली होती. तुम्ही तुमची सांगितली. कधीपासून तीनला जाग येते?" तुम्ही म्हणालात, "डायवर हाय बाई. पहिल्या पाळीची सवय." आई हळूच म्हणाली, "सुट्टीच्या दिवशीबी?" तुम्ही आईकडं बघितलं, मग खाली फरशीकडं, आणि म्हणालात, "गाव सोडल्यापासून." ह्या वेळी आम्ही सगळे बाहेर गेलो. तुम्ही अर्ध्या तासानं आलात, डोळे लाल. मामांना म्हणालात, "आत लई धूळ हाय."

पुढचं वर्ष मजेत गेलं. आईनं गोळ्यांचे दोन डबे केले, तुमचा लाल, माझा निळा. आणि भीती मोजायचं बाईंनी सांगितलेलं काम तुम्ही अख्ख्या बसला वाटून दिलं. पूल आला, की तुम्ही आरशात बघून ओरडायचात, "कितीवर हाय रं?" मी मेल्या आवाजात म्हणायचो, आठ. मागच्या बाकावरून कुणीतरी, "काल सात होती! वाढली कशी?" मग चाळीस माणसं मोजायची, सात, सहा, पाच. तीन आलं की टाळ्या. लाजेनं मला भीतीकडं बघायला वेळच राहायचा नाही. माझ्यापायी बस पुन्हा कधी अडली नाही, आणि आपल्या दोघांचं काम राहिलं. पुढं काविळीनं पंधरा दिवसांत तुम्ही गेलात, तोवर मी पुलावर खिडकीला डोकं टेकून घोरायला लागलो होतो.

एक गोष्ट तेव्हा बोललो नाही. तुम्हाला वाटायचं, मला गोळी खायची होती आणि तुम्हीच अडवलं. तसं नव्हतं, अण्णा. तुम्ही एकदा 'बास, आता तू खा' म्हणून पाकीट पुढं केलं होतं. मीच म्हणालो, "अजून दोन दिवस बघा." मला त्या गोळीची पुलापेक्षा जास्त भीती वाटायची, म्हणून तुम्हाला पुढं घातलं. नंतर केसपेपर निघाल्यावर तुम्ही निळा डबा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "मी खाल्लेली हाय. गोड हाय, गीळ." मी वर्षभर पाण्याबरोबर गिळत गेलो, जिभेला लागू दिली नाही.

इथं आधी खाऊन बघणारं कुणी नाही. हे पत्र इथल्या डॉक्टरच्या फायलीत घालून ठेवतो, दुसरा पत्ता आहे कुठं? लिहिता लिहिता पाकीट फोडलं. गोळी तीच निघाली, आपली त्या वेळची. गिळायच्या आधी, तुम्ही करायचात तशी, जिभेच्या टोकाला लावून बघितली.

कडू हाय, अण्णा. तुम्ही तीन आठवडे रोज खाल्लीत आणि मला गोड सांगितलंत.