पीटीच्या बाईंचे सहा शर्ट

सोमवार, ४

जॅकेट मिळालं! पिवळंधमक. पाठीवर मोठ्या अक्षरांत – "मी मदतीला आहे". खांद्याची शिवण आत्ताच उसवलीय. म्हणजे पहिली मदत जॅकेटलाच.

मग स्वयंसेवकांचं तीन तास प्रशिक्षण. शिकवणारी संस्थेच्या ऑफिसातली, काखेत कायम फाईल – म्हणून फाईलवाली. वय असेल तीस. सार एवढंच – ज्यांच्याकडे जायचं त्यांना म्हातारे म्हणायचं नाही, अपंग म्हणायचं नाही, "सोबती" म्हणायचं. सोबत्यांना स्वतःच्या घरी, स्वतःच्या बळावर राहता यावं म्हणून आपण. सोबत्यांच्या वस्तूंत बदल करायचा नाही. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. वाद नाही तर सोबती कसला?

"एकसष्टाव्या वर्षी हे डोहाळे कशाला?" – आमचे हे. टीव्हीवरची नजर न काढता.

शिवणाचं दुकान बंद करून आठ महिने झाले. दिवसभर यांचं तोंड बघण्यापेक्षा दुसऱ्या कुणाचंही बघावं, असं फॉर्मवर लिहिता येईना. "समाजसेवेची आवड" लिहिलं.

मंगळवार, ५

आमच्या घरातही एक सोबती आहे. दोन हात, दोन पाय, सगळं धडधाकट. चहा मात्र हातात आणून द्यावा लागतो. याचा फॉर्म कुठे भरायचा?

गुरुवार, ७

माझ्या वाट्याला आल्या पीटीच्या बाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिट्टी फुंकली. लग्न केलं नाही. तळमजल्यावर दोन खोल्या, एकट्या. गेल्या वर्षी झटका आला, तेव्हापासून उजवा हात कामातून गेला आणि उजवा पाय फरफटतो. जीभ शाबूत आहे. चांगलीच शाबूत आहे.

दार उघडलं तेच मुळी – "जॅकेट काढ. मी काय रस्त्याचं खोदकाम आहे?"

अंगात शर्ट-पँट. जन्मभर तेच घालत आल्या. पण शर्टाचं एक बटण चुकलेलं, त्यामुळे सगळीच चुकलेली, कॉलर एका बाजूला कानाला टेकलेली. मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"पाऊण तास लागला. हसायचं असेल तर बाहेर जाऊन हस."

"आधी काय करायचीस?" विचारलं. म्हटलं, शिवणकाम. "बरं झालं. नर्स पाठवली असती तर हाकलली असती." तेव्हापासून माझं नाव टेलर.

निघताना खरी गोष्ट कळली. दीड महिन्यापूर्वी पँट चढवताना पडल्या. साडेतीन तास फरशीवर. भाच्याने वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय. बाईंनी महिनाअखेरची मुदत मागून घेतली – ३१ तारखेला तो येणार, आत्याने स्वतःचं स्वतः आवरून दाखवायचं. नाही जमलं तर सामान बांधायचं.

सोमवार, ११

हाकलली मला!

झालं असं – बाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, गाडी दारात, आणि त्या तिसऱ्या बटणावर. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी पुढे झाले आणि पटापट चार बटणं लावून टाकली. अर्धं मिनिट. वर म्हटलंही – "झालं! एवढंच तर होतं."

बाईंनी चारही बटणं काढली. एकेक करून, डाव्या हाताने. मग म्हणाल्या, "हात मेलाय, मी नाही मेले. चालती हो."

दवाखाना राहिला. वर संस्थेचा फॉर्म – "आजची भेट कशी झाली?" खाली तीन तोंडं काढलेली. एक हसरं, एक मधलं, एक रडकं. चप्पल हातात घेऊन पळणारं तोंड नाही.

मंगळवार, १२

उजवा हात मफलरने पोटाशी बांधला आणि यांचा शर्ट घालून बघितला. डाव्या हाताचा मळ म्हणतात ना? म्हणणाऱ्याने एकदा डाव्या हाताने शर्ट घालावा. बावीस मिनिटं! घामाघूम. काज एकीकडे, बटण दुसरीकडे, आणि धरायला कुणी नाही. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, ते घालताना काय होतं हे एकदाही बघितलं नाही. काय अक्कल!

आणि आतल्या कपड्यांचे हूक पाठीवर. ही जागा ज्याने ठरवली तो पुरुषच असणार.

हे दारात येऊन उभे. "काय करतेयस?"

"समाजसेवा."

गुरुवार, १४

गेले. जॅकेट न घालता. दारातच म्हटलं, "चुकलं माझं. सगळे शर्ट द्या. पँटीसुद्धा."

त्यांनी कपाटाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "वेल्क्रो लावणार असशील तर वरून बटणं दिसली पाहिजेत. मी काय नर्सरीतलं पोर नाही."

सहा शर्ट, तीन पँटी, बाकीचं बाकीचं. पिशवी भरून आणलं. वस्तूंत बदल करायचा नाही हा नियम माहीत आहे. शर्ट म्हणजे वस्तू कुठे, ते तर वस्त्र!

शनिवार, १६

आठ महिन्यांनी मशीनला तेल पाजलं. काजं बंद केली, बटणं वरून नुसती शोभेला, आत वेल्क्रो. पँटीला इलॅस्टिक, आणि कमरेला डावीकडे एक मोठा फास – अंगठा घालून ओढायचा. हूक पुढे आणले. "आवाजात टीव्ही ऐकू येत नाही," हे म्हणाले. फारच वाईट झालं.

सोमवार, १८

शर्ट – सहा मिनिटं! बाईंनी घड्याळ लावूनच घातला. कॉलर सरळ. आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "टीप वाकडी आहे बगलेत." धन्यवाद म्हणायची ही त्यांची पद्धत असावी.

पँट जमली नाही. दोनदा तोल गेला. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. तो मागे घेणं या महिन्यातलं सगळ्यात जड काम.

सोमवार, २५

पँट अजून नाही. बाई खुर्चीत, पँट गुडघ्यांत, आणि दोघीही रडकुंडीला. मग त्याच म्हणाल्या – "मुलींना मी काय सांगायचे? उभं राहून जमत नाही ते आधी बसून करा." अधू पाय आधी, बसूनच. मग भिंतीला पाठ टेकून उठायचं, अंगठा फासात, ओढ! तेरा मिनिटं. पण आली वर.

फाईलवालीचा फोन. भेट दोन तासांची, मी चार तास बसते अशी तक्रार आहे. कुणाची? "सिस्टिमची."

रविवार, ३१

भाचा आला. मी त्याला खलनायक धरून बसले होते. निघाला साधा, डोळ्यांखाली काळं, दर रविवारी दोन तास गाडी हाकत येणारा. खलनायक असता तर किती बरं झालं असतं.

"आत्या, मला फक्त रात्री झोप लागली पाहिजे गं."

"बस तिथे," बाई म्हणाल्या. "पाठ कर."

तो पाठ करून बसला. आम्ही दोघं भिंतीकडे बघत, आणि मागे चर्र, चर्र, मग एक लांब श्वास. मी नखं खाल्ली. सतरा मिनिटं. मग – "वळा."

शर्ट, पँट, कॉलर. केस विंचरलेले. मग चहा केला. ओलं फडकं खाली घालून कप ठेवला, म्हणजे सरकत नाही. एक थेंब सांडला नाही. भाचा कप हातात धरून रडायला लागला. म्हणाला, खोली नको म्हणून कळवतो.

जिंकलो!! घरी येऊन यांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले, "आता वेळेवर येशील."

सोमवार, ८

संस्थेच्या मासिकात आमची गोष्ट छापणार! फाईलवाली स्वतः येऊन सांगून गेली. नियम मोडल्याबद्दल ताकीद आणि नियम मोडून केलेल्या कामाबद्दल सत्कार – दोन्ही एकाच दिवशी. फोटोला जॅकेट घालायचं म्हणे.

गुरुवार, ११

बाई जातायत. वृद्धाश्रमात. काल त्यांनीच भाच्याला फोन केला, रद्द केलेली खोली परत मागितली.

"मग एवढं सगळं केलं कशाला?" मी ओरडलेच.

"तेव्हा मला नेत होते," म्हणाल्या. आणि – "तू आठवड्याला दोनदा येतेस, टेलर, तो रविवारी. बाकी सगळा वेळ मी भिंतींना कवायत शिकवतेय."

मी बॅगेकडे वळले.

बॅग त्यांनी एकटीने भरली होती. चेन तेवढी मी लावली. त्यांनी ती उघडली, बॅग गुडघ्यांत धरली आणि पुन्हा लावली.