शेखरच्या घरातला महाभियोग

५ जुलै १९८७, रविवार

इथल्या मराठी मंडळाचं पत्रक आलं. गणपती ५ सप्टेंबरला! चतुर्थी २८ ऑगस्टला, शुक्रवारी. आपण दर वर्षी लगतचा शनिवार धरतो, म्हणजे २९. पाच तारखेला विसर्जनाची वेळ येते. समितीत हा विषय निघालाच नाही. मी उपाध्यक्ष — आणि मला पत्रकातून कळावं?

अध्यक्ष शेखर. त्याला फोन केला. म्हणाला, "अरे, त्या वीकेंडला मी कॉलवर आहे. पाचला लेबर डेचा वीकेंड, सगळ्यांना सुट्टी. बाप्पा थोडाच कॅलेंडर बघतो?" डॉक्टर लोकांना वाटतं, आपण सांगितलं की झालं.

मंडळाची घटना काढली. कलम ९: समितीच्या ठरावाशिवाय तारीख बदलता येणार नाही. कलम १४: नियम मोडणाऱ्या अध्यक्षाला सभासद बहुमताने दूर करू शकतात. दोन्ही मीच लिहिलेली, लायब्ररीतून पुस्तकं आणून. मला डिग्री नाही. मंडळात तेव्हा तीन पीएचडी होते, एकालाही सवड नव्हती.

८ जुलै

बऱ्याच घरी फोन केले. सगळे चिडलेले. राजीव म्हणाला, "आज तारीख बदलली, उद्या मोदकांऐवजी डोनट आणेल." शोभाताई — "कोणीतरी बोलायलाच हवं होतं हो." कोणीतरी म्हणजे मी. ठीक आहे.

१० जुलै

लंचमध्ये सगळं ऑफिस टीव्हीसमोर. इराणला विकलेल्या शस्त्रांची चौकशी. राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग आणला तर लोकांना काय वाटेल, यावर वाद. माझी ड्रॉइंग्ज तपासणारा वॉल्ट म्हणतो, नको, एकदा झालं तेवढं पुरे. मी त्याला मागच्या वेळचं सांगितलं. १९७३ साली पाचात एकालाच राष्ट्राध्यक्ष जावेत असं वाटत होतं, पुढच्या ऑगस्टात अर्ध्याहून जास्त लोकांना. का? चौकशी उघड्यावर झाली, लोकांनी पुरावा ऐकला. नियमाने गेलं की जनमत मागून येतं — हे माझं मत.

वॉल्ट म्हणाला, "मग या लष्करी ऑफिसरचं काय? काँग्रेसला खरं सांगितलं नाही असं स्वतः कबूल करतोय, आणि लोक त्याला तारा पाठवतायत." म्हटलं, अपवाद असणार.

१२ जुलै

ठरावाची नोटीस टाइप केली. एकही खाडाखोड नाही.

मालिनीने वाचली. "शेखरभावजींना काढणार? तुम्हाला गाडी येत नव्हती तेव्हा पहिला हिवाळाभर कामावर कोण सोडत होतं?"

म्हटलं, त्याचा इथे संबंध नाही.

"तुमचा कशाचा कशाशी संबंध नसतोच," म्हणाली आणि आत गेली.

१८ तारखेची सभा शेखरकडेच. पाळी त्याची. राजीव म्हणाला, "यार, ज्याला काढायचं त्याच्याच घरी? जागा बदलू या." मी नाही म्हटलं. पाळी म्हणजे पाळी. आपणच नियम वाकवले तर त्याला कुठल्या तोंडाने विचारायचं?

१८ जुलै, शनिवार

सभा झाली. एकवीस घरं आली, एवढी कधी येत नाहीत. शेखरच्या फॅमिली रूममध्ये जमिनीवर चादरी. लागूनच किचन. वसुधावहिनींनी पावभाजी केली होती. दारातच म्हणाल्या, "आधी जेवा, मग काढा यांना." लोक हसले, पण खाली बघून.

मी मुद्देसूद बोललो. कलमं वाचली. समितीची इतिवृत्तं दाखवली. कोणी मध्ये बोललं नाही. मग शेखर उठला. "श्रीरंग म्हणतो ते बरोबर आहे. मी विचारायला हवं होतं." एवढंच बोलून बसला. मी उलटतपासणीचे प्रश्न काढून नेले होते, ते तसेच राहिले.

मतदान गुप्त. एका घराला एक चिठ्ठी, शेखरच्या घराला नाही. मालिनी किचनमध्ये होती, म्हणून आमची मीच लिहिली. पेन्सिली वहिनींनीच वाटल्या. शेखरची आई नागपूरहून आली आहे. तिला वाटलं असावं कसलीतरी स्पर्धा चालली आहे. आतून म्हणाली, "श्रीरंगला अजून पाव दे गं, बोलून दमला असेल."

ठरावाच्या बाजूने तेरा, विरुद्ध आठ. शेखर अध्यक्ष नाही. वर्षअखेरपर्यंत हंगामी अध्यक्ष मी. टाळ्या नाहीत. लोक कुल्फी खाऊन गेले.

१९ जुलै

रविवारी सकाळी शेखरचा फोन येतो. चौदा वर्षं. आज नाही आला.

२२ जुलै

गणपतीच्या कामांची वाटणी करायला बसलो. राजीवला यंदा जमणार नाही. "बरं नाही वाटलं यार. त्याच्या घरी बसून, त्याचं खाऊन..." म्हटलं, तूच तर म्हणत होतास. "म्हणत होतो. मत कुठे दिलं तसं?" शोभाताईंनीही ठरावाला मत दिलं नव्हतं म्हणे. त्यांच्या दोघी मैत्रिणींनीही नाही.

मग तेरा झाले कसे? मोजणीला तिघं होते. चूक शक्य नाही.

२५ जुलै, शनिवार

सुनेत्राला मैत्रिणीकडे सोडायला गेलो. वाटेत शेखरचं घर. ड्राइव्ह-वे भरलेला, रस्त्यावरही गाड्या. राजीवची ओळखली. सुनेत्रा मागे वळून बघत राहिली. म्हणाली, "बाबा, यू वॉन, राइट? देन हाउ कम एव्हरीबडीज ॲट शेखरकाकाज?"

सिग्नल हिरवा झाला.

महाभियोगाने जनमत बदलतं हे खरंच. कुठल्या बाजूला, ते आधी कळत नाही. हे वॉल्टला सांगणार नाही.

१ ऑगस्ट, शनिवार

शेखर आला. मंडळाच्या गणपतीचा खोका आणि पूजेची कॅसेट घेऊन. पूजा दर वर्षी तोच सांगतो, कॅसेट थांबवत थांबवत. "प्राणप्रतिष्ठेला टेप अडकते, तिथे बोटाने फिरव," म्हणाला. मालिनीने चहा केला.

म्हणाला, "गंमत सांगू? सतरा घरांनी मला सांगितलं, आम्ही तुमच्याच बाजूने मत दिलं. आठ मतांत सतरा घरं कशी बसतात, तू जरा ड्रॉइंग काढून दाखव." मालिनीही हसली. मी हसलो.

मग दारात, बूट घालताना — "तू तेवढा बोलला नाहीस तसं. निदान तोंडावर खरं वागलास. राग नाही रे. पण रविवारचा फोन काही हातून होत नाही माझ्या. बघू."

२ ऑगस्ट, रविवार

त्या आठांतली एक चिठ्ठी माझी होती. आता सांगायला गेलो तर मी अठरावा.